तारेतली फट आणि बंद फायरवॉल

पलटण सोडून तीन वर्षं झाली, पण 'पोस्टिंग' हा शब्द काही तोंडातून जात नाही. म्हणून हीसुद्धा पोस्टिंगच म्हणतो. मुक्काम जोरहाट, वरचा आसाम. रस्त्याचं काम करणाऱ्या एका खासगी कंपनीच्या साइटवर सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. हाताखाली ३८ माणसं, त्यातली बहुतेक माजी सैनिक. कुणी आसाम रेजिमेंटचा, कुणी बिहारचा, दोघे-तिघे गोरखा. त्यांच्यात मी एकटा मराठी, सिग्नल्समध्ये २८ वर्षं काढलेला. कंपनीने राहायला खोली दिली, फिरायला जीप दिली आणि कामाला एक लॅपटॉप दिला. आजचं लिखाण त्या लॅपटॉपबद्दल आहे. नेहमीसारखं नदी-डोंगराचं वर्णन यात नाही, तरी शेवटपर्यंत वाचा. निवृत्तीनंतरच्या नोकरीत ज्यांच्या हाती असा लॅपटॉप पडला आहे त्यांनी तर नक्कीच वाचा.

गेल्या महिन्यात बैठकीसाठी गुवाहाटीला गेलो होतो. रात्री साडेनऊला गेस्ट हाऊसच्या खोलीचं दार वाजलं. बाहेर शेजारच्या खोलीतला तरुण इंजिनिअर उभा. महिनाभर तिथेच राहत होता, जेवणाच्या टेबलावर नमस्कार झालेला. म्हणाला, "अंकल, बुरा मत मानिए, आपका एक फोल्डर मुझे दिख रहा है."

मला आधी कळलंच नाही. त्याने आपला लॅपटॉप पुढे केला. तो त्याचा प्रिंटर शोधत होता, त्या यादीत त्याला माझ्या लॅपटॉपचं नाव दिसलं. त्यावर टिचकी मारली तर 'गार्ड पेपर्स' नावाचा फोल्डर उघडला. पासवर्ड नाही, काही नाही. आत ३८ जणांची आधार कार्डं, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, डिस्चार्ज बुकाच्या प्रती आणि पेन्शनवाल्यांचे पीपीओ. त्याने एकही फाइल उघडली नव्हती, निदान तसं तो म्हणाला, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण त्या वाय-फायवर त्या रात्री आणखी किती पाहुणे होते आणि आदल्या दोन रात्री किती होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या पोरानेच मला दाखवलं. माझ्या लॅपटॉपची फायरवॉल बंद होती.

ती बंद कशी झाली ते मला लगेच आठवलं. दोन महिन्यांपूर्वी साइटवर अंगठ्याचं हजेरी मशीन बसवलं. मशीनची माहिती लॅपटॉपवर येईना. शिवाय क्लार्कला माझ्या फोल्डरमधले कागद छापायला हवे होते, तेही त्याला दिसेनात. कंपनीचं कॉम्प्युटरचं काम ज्या कंत्राटदाराकडे आहे त्याच्या पोराने लांबूनच माझ्या स्क्रीनचा ताबा घेतला, पाच मिनिटं खटपट केली आणि म्हणाला, "साहब, अब चलेगा." चाललं. हजेरी आली, कागद छापले गेले. त्याने फायरवॉल बंद केली होती, फोल्डर सर्वांना खुला केला होता आणि पासवर्ड विचारण्याची अटही काढून टाकली होती. त्याने कुठे लिहून ठेवलं नाही. मी विचारलं नाही.

गुवाहाटीहून त्याला फोन केला तर उत्तर आलं, "कुछ नहीं होता साहब. साइट पे तो आप राउटर के पीछे हो."

हे वाक्य ऐकून मला राजौरीकडचं एक ठाणं आठवलं. वीसेक वर्षं झाली असतील. मी तिथे रेडिओ डिटॅचमेंटवर होतो. बंकरचं काम चालू होतं, पोर्टर आणि खेचरं दिवसभर सामान वाहत. मुख्य फाटकातून यायचं तर चढण लांब पडे, म्हणून मागच्या अंगाला तार कापून एक फट केली होती. पण त्या फटीचा नियम होता. फट किती वाजता उघडली, कुणाच्या हुकुमाने, तिथे संतरी कोण आणि बंद कधी, हे सगळं रजिस्टरमध्ये. संध्याकाळच्या 'स्टँड टू'च्या आधी फट बंद झालीच पाहिजे. एक दिवस राहून गेली. रात्री काही झालं नाही. सकाळी पोस्ट कमांडरने सगळ्यांना उभं केलं आणि एवढंच म्हणाले, "रात को कोई नहीं आया, इसमें हमारी कोई होशियारी नहीं है."

माझ्या फोल्डरचंही तेच झालं. एक सज्जन पोरगा आला आणि दार वाजवून सांगून गेला. यात माझी काही हुशारी नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फायरवॉल बंद असलेला लॅपटॉप सुरक्षित राहू शकतो का? कंत्राटदाराचा पोरगा म्हणतो तसं 'काही होत नाही' हे खरं, की 'बंद म्हणजे घात' हे खरं? मी अधिकारी नाही आणि तज्ज्ञही नाही, पण सिग्नल्सचं ब्रीद 'तीव्र चौकस' आहे. त्यातलं 'चौकस' एवढं तरी अंगात मुरलं असेल म्हणून लिहितो.

आधी फायरवॉल म्हणजे काय ते आपल्या भाषेत. लॅपटॉपला आतून-बाहेर जाण्या-येण्यासाठी नंबर दिलेली दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. बहुतेक दारांमागे कुणीच बसलेलं नसतं, काहींमागे एखादा प्रोग्रॅम हाकेची वाट पाहत बसलेला असतो. फोल्डर वाटून देणारा प्रोग्रॅम ४४५ नंबरच्या दारामागे बसतो. फायरवॉल हा दारांवरचा संतरी. तुम्ही आतून कुणाला हाक मारली तर तिचं उत्तर तो आत सोडतो, कारण तुम्ही गेलेलं त्याने पाहिलेलं असतं. बाहेरून कुणी आपणहून आलं तर तो परवाना विचारतो. विंडोजमध्ये तो बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही, हेही लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

हा संतरी पूर्वी झोपलेलाच असायचा. २००३ चा ऑगस्ट मला चांगला आठवतो. तेव्हा मी पठाणकोटला होतो. घरी ईमेल करायला आम्ही बाजारातल्या सायबर कॅफेत जायचो. एक दिवस गेलो तर तिथला प्रत्येक कॉम्प्युटर ६० सेकंदांची उलटी गिनती दाखवून बंद पडत होता. चालू करा, इंटरनेट जोडा, पुन्हा गिनती. मालक रडकुंडीला आला होता. तो 'ब्लास्टर' नावाचा किडा होता. कुणी चुकीची फाइल उघडली नव्हती. १३५ नंबरच्या दारातून तो आपणहून आत येत होता. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवून दिलेली असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २ काढला आणि फायरवॉल आपोआप चालू राहील अशी व्यवस्था केली. जगाने एवढा मार खाऊन चालू करवून घेतलेली गोष्ट आपण एका हजेरी मशीनसाठी बंद करतो.

आता त्या पोराची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तो अगदीच चूक नाही. साइटवरच्या राउटरमागे लॅपटॉप असला तर बाहेरच्या जगातून कुणाला थेट माझ्या दारापर्यंत येता येत नाही. राउटर म्हणजे कॅम्पचं मुख्य फाटक. लॅपटॉपवर सगळे अपडेट वेळेवर पडले असतील, दारांमागे नको ते प्रोग्रॅम बसलेले नसतील आणि वापरणारा कुठल्याही लिंकवर टिचकी मारत नसेल, तर फायरवॉल बंद असूनही वर्षानुवर्षं काही होणार नाही, हे शक्य आहे. अशी माणसं मी पाहिली आहेत.

पण त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी सुटल्या.

पहिली म्हणजे, लॅपटॉप चालतो. तो बनवलाच त्यासाठी. कॅम्पचं फाटक कॅम्पात राहतं आणि लॅपटॉप गुवाहाटीच्या गेस्ट हाऊसवर, स्टेशनच्या वाय-फायवर, लग्नाच्या हॉलवर जातो. तिथे फाटक दुसऱ्याचं आणि आतले पाहुणे अनोळखी. पाहुण्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायची सोय राउटरमध्ये असते, पण ती चालू आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून दिसत नाही. अशा जागी तुमच्याजवळ एकच संतरी असतो, तुमच्याबरोबर प्रवास करणारा. नेमका त्यालाच आपण रजेवर पाठवलेलं असतं.

दुसरी म्हणजे, फाटकाच्या आत सगळे आपलेच असतात हा समज. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो याच ४४५ नंबरच्या दारातून. त्यावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता, पण ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्याकडे एक कॉम्प्युटर लागला की शेजारचे आपोआप लागत गेले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली, म्हणजे रोजच्या, विश्वासातल्या माणसाच्या हातून. एकदा आत आल्यावर तो कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरवर उड्या मारत गेला. त्याची झळ आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरापर्यंत पोहोचली, तिथल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनमधला हिशेब आणि न्हावाशेव्यातला कंटेनर यांचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच, की आतल्या भिंती नव्हत्या किंवा पुरेशा नव्हत्या. म्हणूनच प्रत्येक बंकरला आपला संतरी लागतो, कॅम्पच्या फाटकावर गारद असली तरी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, फायरवॉल चालू केली, झोपा आता निवांत. तसंही नाही. २००८ साली मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकी लष्करी तळावर एक पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला गेला आणि त्यातून त्यांच्या गोपनीय जाळ्यापर्यंत किडा पोहोचला. फायरवॉल दारावर उभी होती, शत्रू खिशातून आला. २०१९ मध्ये कुडनकुलमच्या अणुवीज केंद्रात प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका कॉम्प्युटरमध्ये असा प्रोग्रॅम सापडल्याचं महामंडळाने मान्य केलं. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर होतं म्हणून ते सुरक्षित राहिलं. सरकारी लोकांच्या ईमेलसाठी 'कवच' नावाचं अ‍ॅप होतं, त्याच्याच नावाने खोटी अ‍ॅप्स सरकारी कर्मचाऱ्यांना पाठवली गेली. ज्याने ते आपल्या हाताने बसवलं त्याच्यापुढे फायरवॉल काय करणार? आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा अडवत नाही, हे वर लिहिलंच आहे.

तेव्हा माझं मत असं. फायरवॉल बंद ठेवून लॅपटॉप सुरक्षित ठेवता येतो, पण त्यासाठी जी शिस्त लागते ती ज्याच्याकडे आहे तो माणूस मुळात फायरवॉल बंद ठेवणार नाही. आणि जो 'चलेगा' म्हणून बंद करतो त्याच्याकडे ती शिस्त नसते. त्या रात्रीपर्यंत माझ्याकडेही नव्हती.

काही वेळा मात्र खरंच अडचण असते. लॅपटॉप कंपनीचा, बदल करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, आणि वरून सांगितलंय की बंदच ठेवा. अशा वेळी हात वर करून बसायचं कारण नाही. मी काय केलं ते सांगतो.

आधी विचारायचं, की नेमकं कोणत्या प्रोग्रॅमसाठी बंद केली? त्याच एका प्रोग्रॅमला, त्याच एका दाराने, त्या एका मशीनकडून येऊ द्यायचा नियम फायरवॉलमध्ये करता येतो. माझ्या हजेरी मशीनसाठी तसा नियम करायला त्याच पोराला दहा मिनिटं लागली. तार पूर्ण काढायची गरज कधीच नव्हती. फाटक करता येत होतं.

ते होईपर्यंत फोल्डर वाटून देणं बंद. बाहेर गेल्यावर नवं वाय-फाय जोडताना विंडोजमध्ये जाळं खासगी की सार्वजनिक ते बघायचं आणि सार्वजनिकच ठेवायचं. त्याहून सोपं म्हणजे गेस्ट हाऊसच्या वाय-फायला हातच लावायचा नाही, आपल्या फोनचा हॉटस्पॉट वापरायचा. कंपनीचं व्हीपीएन असेल तर वापरा, पण त्याने शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुमचं दार दिसायचं बंद होईलच असं नाही. रोजच्या कामाला प्रशासकाचे अधिकार नसलेलं साधं खातं वापरा. अपडेट आला की 'नंतर' दाबू नका, वॉनाक्रायमध्ये बुडालेल्या कितीतरी जणांनी तेच केलं होतं. ज्याची खात्री नाही तो पेनड्राइव्ह लावू नका. आणि पैशाची फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

हे सगळं तांत्रिक झालं. माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे.

माझे एक जुने सहकारी फोनवर म्हणाले, "अहो सुभेदार साहेब, लॅपटॉप कंपनीचा, काळजी कंपनीची. तुम्ही कशाला डोकं शिणवता?" मी त्यांना विचारलं, रायफल कुणाची होती? सरकारची. मग साफ कोण करायचं? ते हसले, पण मुद्दा पोहोचला. वस्तू कुणाचीही असो, ज्याच्या हाती दिली त्याचं तिच्याकडे लक्ष पाहिजे. २०२० च्या जुलैमध्ये सेनेने ८९ अ‍ॅप्स फोनवरून काढायला लावली तेव्हा आम्ही कुरकुर करत का होईना, काढली. गणवेश उतरला म्हणून ती सवयही उतरवून ठेवायची का?

आणि कंपन्यांनाही सांगायचं आहे. माजी सैनिक घेताना तुम्ही त्याच्याकडून कागदांची चळत घेता. आधार, पासबुक, पीपीओ, कधी कधी बायकोचेही कागद. देणारा सवयीने देतो, कारण आयुष्यभर त्याने कागद मागणाऱ्यावर विश्वास ठेवला आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती जपण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. पण कायदा दिल्लीत होतो आणि फायरवॉल जोरहाटला बंद होते. माझी मागणी अगदी छोटी आहे. जी कुणी सुरक्षा ढिली करेल त्याने रजिस्टरमध्ये लिहावं: काय उघडलं, का उघडलं, कुणी सांगितलं, बंद कधी करणार. आणि ज्याच्या हाती लॅपटॉप आहे त्याची खाली सही घ्यावी. राजौरीच्या डोंगरावर, थंडीने बोटं वळत नसताना आम्ही हे लिहीत होतो. एसीत बसून का जमू नये?

जोरहाटला परतल्यावर एक काम उरलं होतं, ते सगळ्यात जड गेलं. ३८ जणांना फॉलइन केलं आणि घडलं ते सांगितलं. तुमचे कागद तीन रात्री उघडे होते, चूक माझी, कुणी पाहिले की नाही ते मला माहीत नाही. बँकेतून कुणी बोलतोय असा फोन आला, तुमच्या पीपीओचा नंबर जरी त्याने बरोबर सांगितला, तरी ओटीपी द्यायचा नाही. थोडी कुजबुज झाली. दोघांच्या चेहऱ्यावर राग स्पष्ट दिसत होता, आणि तो बरोबर होता.

मग गोलाघाटकडचा एक म्हातारा हवालदार पुढे आला. म्हणाला, "साहब, मेरा खाता तो कब का खुल गया, पगार भी आ रहा है. फिर वो पासबुक का फोटो अब तक क्यों रखा है?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फायरवॉल, पोर्ट, अपडेट एवढं सगळं शिकून आलो होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. जी वस्तू ठाण्यात ठेवायची गरजच नाही तिला संतरी तरी किती लावायचे? त्या रात्री हेड ऑफिसला विचारून यादी केली. कायद्याने आणि पगारासाठी लागतात तेवढे कागद पासवर्डच्या कुलपात ठेवले. बाकीचे एकेकाला बोलावून त्याच्यासमोर पुसून टाकले. हवालदाराचा नंबर आला तेव्हा तो चष्मा लावून स्क्रीनकडे बघत राहिला. फाइल गेल्याची खात्री झाल्यावर म्हणाला, "अब ठीक है," आणि ड्यूटीवर गेला.

तुमच्याही लॅपटॉपची फायरवॉल आज एकदा उघडून बघा. बंद असेल तर कुणी केली ते विचारा. आणि आत काय साठवलंय तेही एकदा बघून घ्या.

जय हिंद.